विमानात बसशील का?

“आरक्षणातून आलेल्या इंजिनिअरने बनवलेल्या विमानात तू बसशील का?”

हा प्रश्न मला कारखान्याच्या कँटीनमध्ये विचारला गेला. विचारणारा माझ्याच वयाचा, कायम नोकरीवरचा इंजिनिअर. माझी जात त्याला माहीत नव्हती, म्हणून त्याने तो निर्धास्तपणे विचारला. टेबलावरचे सगळे हसले. मीही हसले. ते हसणं मला आजही खुपतं, आणि हा लेख लिहिण्याचं खरं कारण तेच आहे. समाजशास्त्र, पीएचडी वगैरे नंतरचं.

आज मी बरगीत बसून लिहिते आहे. जबलपूरहून नागपूरकडे निघालं की लागतं ते बरगी. धरणाची वसाहत म्हणजे बरगीनगर. माझे आजोबा सत्तरच्या दशकात तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यातून गोंदियाच्या छोट्या गाडीने इथे आले, धरणाच्या कामावर मजूर म्हणून. बाबा आयटीआय करून फिटर झाले. पण आजोबांनी सगळीकडे ‘बौद्ध’ लिहिलेलं, आणि १९९० पर्यंत केंद्राच्या नोकरीत बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातीच्या सवलती नव्हत्या. त्या वर्षी कायदा बदलला, बाबांनी भंडाऱ्याला जाऊन कोतवाल बुकाची नक्कल काढली, दाखला मिळवला, आणि मग जबलपूरच्या एका सरकारी कारखान्यात त्यांना नोकरी लागली. आमच्या घरात पंखा, पुस्तकं आणि इंजिनिअर झालेली मुलगी, हे सगळं त्या एका दाखल्यावर उभं आहे. हे सांगताना मला कसलाही संकोच वाटत नाही. संकोच वाटायचा, तेव्हा मी कँटीनमध्ये हसत होते.

मेकॅनिकलची पदवी घेऊन २०१९ साली मी एका मोठ्या विमान बनवणाऱ्या कंपनीत मुलाखतीला गेले. कंपनीचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की वाचणारे म्हणतात, ती एक कंपनी वाईट असेल. ती वाईट नव्हती. नेहमीसारखी होती.

पॅनेलवर चार जण. त्याच वर्षी मार्चमध्ये बोइंगची ७३७ मॅक्स विमानं जगभर जमिनीवर बसवली होती, त्यामुळे प्रश्न तिथूनच सुरू झाले. एका सेन्सरवर विसंबणारी यंत्रणा का चुकीची? धातूचा थकवा म्हणजे काय? पंखाच्या खालच्या पत्र्याला एक मिश्रधातू आणि वरच्याला दुसरा का वापरतात? मी उत्तरं दिली. खालचा पत्रा उड्डाणात ताणला जातो, तिथे चीर वाढण्याची भीती जास्त. वरचा दाबला जातो, तिथे ताकद जास्त हवी. एकाने मान डोलावली. दुसऱ्याने कागदावर काहीतरी लिहिलं. वीस मिनिटं मी निव्वळ इंजिनिअर होते.

मग बायोडेटा हातात घेऊन तिसरा म्हणाला, “जबलपूरचे आणि मराठी? कसं काय?” मी सांगितलं, आजोबा भंडाऱ्याहून आले. “कशासाठी?” धरणाच्या कामाला. “इंजिनिअर होते?” नाही, मजूर. “वडील?” फिटर. आमचं आडनाव विदर्भात नुसतं उच्चारलं तरी समोरच्याला सगळं कळतं. मध्य प्रदेशात, कर्नाटकात ते कळत नाही, म्हणून अशी आडवळणं घ्यावी लागतात. पॅनेलवरचा चौथा माणूस मराठी होता. सुरुवातीला तो खुशीत मराठीत म्हणाला होता, “अरे वा, आपल्याकडच्या!” भंडारा आणि आडनाव एकत्र ऐकल्यावर तो इंग्रजीवर गेला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला. त्याने मला एकही वाईट शब्द उच्चारला नाही. तक्रार करायची म्हटली तर काय करणार होते? की एक माणूस मराठी बोलायचा थांबला?

(बाई म्हणून जे विचारलं, लग्न कधी, रात्रपाळी जमेल का, ते वेगळं प्रकरण आहे. त्यावर पुन्हा कधी.)

माझी निवड झाली नाही. निवड न होणं हा पुरावा नसतो, हे मला माहीत आहे. माझ्यापेक्षा हुशार मुलं असतीलच. गंमत पुढे झाली. तीन महिन्यांनी त्याच कंपनीच्या त्याच इमारतीत मी एका कंत्राटदारामार्फत कामाला लागले. पगार जवळपास एक तृतीयांश, ओळखपत्राची फीत वेगळ्या रंगाची, काम तेच. ज्या मुलीला कायम नोकरीसाठी विमानाजवळ येऊ द्यायचं नव्हतं, तिला कंत्राटावर थेट पंखाशी उभं केलं. मग विमान मेरिटवर उडतं म्हणजे नक्की कशावर उडतं?

विमान कसं बनतं ते एकदा नीट सांगते, कारण मेरिटवर भाषण देणाऱ्या बहुतेकांनी ते पाहिलेलं नसतं. एका पंखात हजारो रिव्हेट. प्रत्येक भोकाचा व्यास ड्रॉइंगमध्ये दिलेला, त्यात किती कमीजास्त चालेल तेही दिलेलं. भोक पाडणारा वेगळा, तपासणारा वेगळा. तपासणाऱ्याकडे स्वतःच्या क्रमांकाचा शिक्का, आणि तो उमटल्याशिवाय पुढचं काम सुरू होत नाही. भोक मोठं झालं तर लपवायचं नाही, तसा कागद भरायचा. तो डिझाइनवाल्यांकडे जातो, ते हिशेब करून सांगतात की पुढच्या मापाचा रिव्हेट चालेल की भागच बाद करायचा. हे कागद तयार करणं आणि त्यांच्या मागे धावणं हे माझं काम होतं. कोपऱ्यात हत्यारांची पाटी असते, प्रत्येक पान्याची, प्रत्येक ड्रिलची त्याच्या आकाराची जागा कोरलेली. पाळी संपताना मोजणी होते. एक पाना कमी भरला तर तो सापडेपर्यंत विमान हलत नाही, कारण पंखात राहिलेला पाना माणसं मारू शकतो.

ही सगळी व्यवस्था एकच गोष्ट धरून चालते: माणूस चुकणार. आयआयटीतला चुकणार, आयटीआयतला चुकणार, जोशी चुकणार, मेश्राम चुकणार. म्हणून दोन डोळे, दोन सह्या, मोजणी, शिक्का. इथे कुणाच्याही जन्मजात हुशारीवर भरवसा ठेवत नाहीत, आणि म्हणूनच विमान सुरक्षित असतं. जातिव्यवस्थेचं नेमकं उलट आहे. तिथे माणूस एकदा जन्मला की त्याची तपासणी संपली, शिक्का कायमचा बसला.

आणि जिथे विमानं पडली तिथे काय झालं? २९ ऑक्टोबर २०१८ रोजी लायन एअरचं ७३७ मॅक्स समुद्रात कोसळलं, १८९ मेले. १० मार्च २०१९ रोजी इथिओपियन एअरलाइन्सचं, १५७ मेले. विमानाचं नाक आपोआप खाली दाबणारी एक यंत्रणा एकाच सेन्सरच्या भरवशावर सोडली होती आणि पहिल्या अपघातापर्यंत वैमानिकांच्या पुस्तिकेत तिचं वर्णन नव्हतं. जगातल्या नामांकित विद्यापीठांतून आलेल्या लोकांनी हे केलं. स्पर्धकाला गाठायची घाई होती, वैमानिकांच्या प्रशिक्षणाचा खर्च वाचवायचा होता. ३४६ माणसांच्या मृत्यूत आरक्षण कुठेच सापडत नाही. जानेवारी २०२४ मध्ये अलास्का एअरलाइन्सच्या विमानाचा दरवाजाच्या जागचा पॅनेल हवेत उडून गेला, तेव्हा कळलं की त्याचे चार बोल्ट बसवलेलेच नव्हते. रिव्हेट दुरुस्त करण्यासाठी तो पॅनेल कारखान्यात उघडला होता आणि त्या उघडण्याची नोंद सापडत नव्हती. म्हणजे मी ज्या कागदांच्या मागे धावत होते, तसलाच एक कागद नव्हता.

तरीही अमेरिकेत ओरड कसली झाली? काळ्यांना, बायकांना नोकऱ्या दिल्या म्हणून विमानं सुटी होऊन पडताहेत. जानेवारी २०२५ मध्ये वॉशिंग्टनजवळ विमान आणि हेलिकॉप्टरची टक्कर होऊन ६७ जण गेले, तेव्हा दुसऱ्याच दिवशी, नदीतून मृतदेह काढणं चालू असताना, तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी विविधतेच्या धोरणाकडे बोट दाखवलं. चौकशी जेमतेम सुरू झाली होती. आमच्या कँटीनमधला तो मुलगा आणि व्हाइट हाऊस एकाच शाळेत शिकलेत असं वाटावं.

हा विनोद फक्त कँटीनपुरता असता तर मी गप्प बसले असते. तो आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातही आहे. १६ नोव्हेंबर १९९२ चा इंद्रा साहनी निकाल आपण मंडलचा विजय म्हणून साजरा करतो, आणि तो आहेच. पण त्याच बहुमताच्या निकालपत्रात काही पदांची यादी आहे, जिथे आरक्षण ठेवणं उचित होणार नाही असं न्यायमूर्तींनी लिहिलं. संरक्षण दलांतली तांत्रिक पदं, अणू-अवकाश संशोधनातली पदं, संरक्षण सामग्रीचं उत्पादन करणाऱ्या आस्थापनांतली तांत्रिक पदं, प्राध्यापक, आणि इंडियन एअरलाइन्स व एअर इंडियाचे वैमानिक. कारण एवढंच की अशा जागी गुणवत्ताच मोजली पाहिजे. ती सूचना होती, अंमलबजावणी सरकारवर सोडली होती, आणि सरकारी विमान कारखान्यांत आरक्षण पुढेही चालू राहिलं. पण ‘विमानात बसशील का’ या टोमण्याला तेव्हापासून सुप्रीम कोर्टाची सही मिळाली आहे. आपल्या चळवळीत या परिच्छेदावर जितकं बोललं जायला हवं होतं तितकं बोललं गेलं नाही. आपण पन्नास टक्क्यांच्या मर्यादेवर भांडत राहिलो.

गुणवत्तेचं मोजमापच करायचं तर ते करून झालेलं आहे. अश्विनी देशपांडे आणि थॉमस वाइसकॉफ यांनी भारतीय रेल्वेची १९८० ते २००२ ची आकडेवारी तपासली. अनुसूचित जाती-जमातींचे कर्मचारी वाढले म्हणून रेल्वेची उत्पादकता घटल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. वरच्या पदांवर तर उलट चांगला परिणाम दिसतो असं त्यांनी नोंदवलं. रोज कोट्यवधी लोक त्या रेल्वेत बसतात. ‘आरक्षणवाल्या इंजिनिअरच्या पुलावरून जाशील का’ असं कुणी विचारत नाही, कारण तिकीट स्वस्त आहे आणि जायचं असतं. विमानाचं तसं नाही. विमानाभोवती अजून सोवळं आहे.

आणि नाशिकजवळचं ओझर? हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा तो कारखाना साठच्या दशकापासून लढाऊ विमानं बनवतो. आधी मिग, मग सुखोई-३०, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथल्या तेजस मार्क-१ए ने पहिलं उड्डाण केलं. तो सार्वजनिक क्षेत्रातला कारखाना आहे, तिथे आरक्षण लागू आहे. देशभक्तीच्या भाषणात याच विमानांवर टाळ्या घेतात आणि खाली उतरून मेरिटवर बोलतात.

बाबासाहेबांना हे आधीच दिसलं होतं. जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी बंगळूरला उभा केलेला विमान कारखाना युद्धासाठी सरकारने हाती घेतला होता. देशात पहिल्यांदाच यंत्रांवरची हजारो कामं निघत होती. ऑक्टोबर १९४२ मध्ये बाबासाहेबांनी व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात नोकऱ्यांबरोबर अस्पृश्यांच्या तांत्रिक शिक्षणाची मागणी आहे, आणि १९४३ मध्ये केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींना ८.३३ टक्के जागा मिळाल्या. कारकुनी पुरेशी नाही, यंत्रापाशी जागा पाहिजे, हे त्यांना कळलं होतं. खडकी, अंबरनाथ, भुसावळ, वरणगाव, भंडाऱ्याचं जवाहरनगर, जबलपूर: कारखान्याच्या भोंग्यावर उठणारी आपली एक पिढी यातूनच घडली.

आता तो भोंगा कसा बंद होतोय ते बघा. आरक्षण कुणी रद्द केलं नाही, त्याच्या खालची जमीन काढून घेतली. १ ऑक्टोबर २०२१ पासून आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या. जबलपूरचेच कारखाने चार वेगवेगळ्या कंपन्यांत वाटले गेले. बाबा निवृत्तीच्या उंबरठ्यावर होते, त्यांचं निभावलं. नवी भरती मात्र मुदतीवर, प्रशिक्षणार्थी म्हणून, किंवा कंत्राटदारामार्फत. कंत्राटदाराच्या यादीत रोस्टर नसतो. नवी विमानं तर खासगी कारखान्यांतच. २०२१ च्या करारानुसार ५६ सी-२९५ विमानांपैकी ४० टाटा आणि एअरबस वडोदऱ्यात बनवणार आहेत. हा प्रकल्प नागपूरऐवजी गुजरातला गेला म्हणून ऑक्टोबर २०२२ मध्ये महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला! सगळे पक्ष मराठी तरुणांच्या रोजगारासाठी रडले. त्यातला एकही नेता असं म्हणाला नाही की सरकारी पैशाने सरकारसाठी विमानं बनणार असतील तर त्या नोकऱ्यांत आरक्षण कुठे आहे. प्रकल्प मिहानमध्ये आला असता तरी शिवणगाव-खापरीच्या ज्यांच्या जमिनी मिहानला गेल्या, त्यांच्या पोरांना तिथे काय मिळालं असतं? बहुतेक झाडू.

झाडूचं अतिशयोक्तीने बोलत नाही. विमानाच्या शॉपमध्ये जमिनीवर पडलेला पत्र्याचा कीससुद्धा धोकादायक मानतात, म्हणून झाडणारी माणसं सतत फिरत असतात. आमच्याकडची सगळी झाडणारी माणसं कंत्राटी आणि सगळी एकाच जातीची. ती भरती कोणत्या परीक्षेने झाली, त्यात मेरिट लिस्ट कशी लागली, हे मी एकदा एका वरिष्ठांना विचारलं. ते म्हणाले, “ते लोक यात चांगले असतात.” त्याच माणसाने आठवडाभर आधी मला ऐकवलं होतं की कंपनीत जात कुणी पाहत नाही.

कंपनीत जात पाहतात, आणि ती पाहण्याची अधिकृत जागा म्हणजे मुलाखत. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी खासगी कंपन्यांना पाठवले होते. २००७ मध्ये त्याचा निष्कर्ष छापून आला: दलित आडनावाला बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण आडनावाच्या सुमारे दोन तृतीयांश, मुस्लीम नावाला एक तृतीयांश. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी भरती करणाऱ्या अधिकाऱ्यांशी बोलून दाखवून दिलं की ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ हा प्रश्न त्यांना अगदी योग्य, गरजेचा वाटतो. मेरिट माणसात असतं म्हणणारेच माणसाचं घर विचारतात. हे संशोधन मी एम.ए.ला वाचलं तेव्हा मला रडू आलं. माझ्याबरोबर घडलेलं कुणीतरी आधीच मोजून ठेवलं होतं आणि मी उगीच दोन वर्षं स्वतःला दोष देत होते.

सरकारला हे कळत नाही असं नाही. १ जानेवारी २०१६ पासून केंद्राने खालच्या, म्हणजे गट ‘क’ आणि अराजपत्रित गट ‘ब’ च्या पदांच्या मुलाखती बंद केल्या. कारण दिलं होतं वशिलेबाजीचं. मग वरच्या पदांच्या मुलाखतीत वशिला नसतो का? जिथे मराठी माणूस मराठी बोलायचा थांबतो, त्याच खोलीला हात लावलेला नाही. आणि खासगी कंपन्यांनी २००६ पासून ‘स्वेच्छेने’ काय करायचं ते ठरवलं आहे. स्वेच्छेने जात सुटली असती तर बाबासाहेबांना महाडला जावं लागलं नसतं. माझं म्हणणं सरळ आहे: सरकारकडून विमानाची ऑर्डर घेणाऱ्या प्रत्येक कंपनीने, तिच्या कंत्राटदारांसकट, पदवार जातीचे आकडे जाहीर करावेत आणि आरक्षण पाळावं. कंपनी एकेका रिव्हेटचा हिशेब देऊ शकते, माणसांचा का नाही?

थोडं आपल्या आतलंही. चौदा महिन्यांनी, करोनात, माझं कंत्राट संपलं. निघताना कळलं की कँटीनच्या त्या टेबलावर हसणाऱ्यांत अजून एक आपलाच होता. तोही माझ्यासारखाच लपून हसत होता. आम्ही एकमेकांना ओळखलं नाही.

आणि बरगीत आल्यावर आणखी एक गोष्ट पाहावी लागली. माझ्या आजोबांनी माती वाहिलेल्या या धरणाने १६२ गावं बाधित केली, मंडला, सिवनी आणि जबलपूर जिल्ह्यांतली. त्यांत गोंड आदिवासी मोठ्या संख्येने. धरण १९९० मध्ये भरलं. आमच्या घरात कायद्याने दाखला आला ते हेच वर्ष. त्या गावांतली कित्येक माणसं जबलपुरात रिक्षा ओढायला गेली. आता त्याच जलाशयाच्या काठी चुटका इथे अणुवीज प्रकल्प येऊ घातलाय, म्हणजे काहींना दुसऱ्यांदा उठावं लागणार. आमच्या घराची पहिली भिंत ज्या मजुरीतून उभी राहिली, ती मजुरी कुणाचं गाव बुडवण्यासाठी मिळत होती, हे मी माझ्या प्रबंधात लिहिते आहे. आजोबांना दुसरा पर्याय नव्हता, हे खरं. पण ‘जल, जंगल, जमीन’ म्हणताना आपला आवाज थोडा खाली हवा, असं मला वाटतं.

इथे एक गोंड मुलगा माझ्याकडे अभ्यासाला येतो. डिप्लोमा झालाय, हात फार चांगला आहे, फायलीने घासून शंभरातला एक भाग मिलिमीटरपर्यंत माप आणतो. एका विमान कारखान्यात तंत्रज्ञाच्या मुदतीच्या जागा निघाल्यात, त्यासाठी तो अर्ज भरतोय. मध्य प्रदेशात जमातीच्या दाखल्यासाठी १९५० मध्ये कुटुंब इथे राहत होतं याचा पुरावा लागतो. त्याचे आजोबा इथेच राहत होते, फक्त ते गाव आता पाण्याखाली आहे आणि कागद दोन तहसिलींच्या मध्ये कुठेतरी. परवा आम्ही मंडल्याला जाऊन आलो. बाबू म्हणाला, जुनं रेकॉर्ड शोधायला लागेल, सोमवारी या. अर्जाची शेवटची तारीख शुक्रवार आहे.